तीन वर्षांची मुदतवाढ : फेटाळलाही न गेलेला एक अर्ज

अर्ज साधा होता. दोन माणसांना एकत्र राहायला तीन वर्षं हवी होती. सुटका मागितली नव्हती, नुकसानभरपाईचा तर प्रश्नच नव्हता. तीन वर्षं झाली की ठरल्याप्रमाणे आमचे अवयव काढून घ्या, आमची तक्रार नाही, हे त्या मागणीत गृहीतच होतं. अर्जदार होते कॅथी एच. आणि टॉमी डी. काझुओ इशिगुरो यांच्या ‘नेव्हर लेट मी गो’ (२००५) या कादंबरीतली ही दोघं क्लोन आहेत. दुसऱ्यांना अवयव पुरवण्यासाठीच त्यांना जन्माला घातलेलं आहे.

या कादंबरीवर चर्चा सुरू झाली की माणूस कशाला म्हणायचं, विज्ञानाने कुठे थांबायचं असे मोठमोठे विषय निघतात. ते निघायलाच हवेत. पण मी इथे फक्त हा अर्ज तपासणार आहे. तिघा मित्रमैत्रिणींमधले रुसवेफुगवे आणि अख्ख्या देशाचा एक सोयीचा व्यवहार, ही दोन्ही भांडणं याच अर्जापाशी येऊन एकमेकांत अडकतात. पुढे शेवटापर्यंतचं कथानक उघड केलं आहे. ज्यांना आधी कादंबरी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

अर्जदार कोण

काळ १९९० च्या दशकाची अखेर, स्थळ इंग्लंड. डिस्टोपिया, म्हणजे दडपशाहीचं काल्पनिक जग, म्हटलं की आपल्याला उंच भिंती आणि गणवेशातले पहारेकरी आठवतात. इथे तसलं काही नाही. आहेत ते लांबलचक ओले रस्ते आणि एका केंद्रातून दुसऱ्या केंद्राकडे गाडी चालवत जाणारी ३१ वर्षांची कॅथी. ती ‘केअरर’ आहे, म्हणजे अवयव देऊन झालेल्या आपल्यासारख्याच क्लोनची शुश्रूषा करते. तिची पाळी अजून यायची आहे. अवयव काढण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेला इथे ‘दान’ म्हणतात. चौथ्या दानाच्या पलीकडे सहसा कुणी जात नाही, बरेच जण त्याच्या आधीच संपतात.

इतिहास मात्र एका ठिकाणी वळवला आहे. आपल्या जगात पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण १९५४ मध्ये बॉस्टनला झालं. एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं होतं आणि दोघं हुबेहूब जुळे असल्यामुळे शरीराने तो अवयव परका मानला नाही. प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून तयार झालेली पहिली सस्तन क्लोन, डॉली मेंढी, जन्मली १९९६ मध्ये, स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये. २७७ प्रयत्नांतून जिवंत जन्मलेली ती एकटी. या दोन घटनांमधली चाळीसेक वर्षं कादंबरीतल्या इंग्लंडने उडीच मारून ओलांडली आहेत. तिथे महायुद्धानंतर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, एकामागून एक शोध लागले आणि असाध्य म्हणवले जाणारे आजार बरे होऊ लागले.

इथे मला नेहमी एक गोष्ट खटकायची. बॉस्टनच्या त्या शस्त्रक्रियेचा धडा असा की आपल्याशी तंतोतंत जुळणारं शरीर असेल तर अवयव टिकतो. म्हणजे क्लोन करायचाच तर रुग्णाचाच करायला हवा. कादंबरीत तसं होत नाही. आपण कुणाची नक्कल आहोत हे या मुलांना ठाऊक नाही. त्यांची मैत्रीण रूथ तर एकदा चिडून सांगून टाकते की आपले मूळ नमुने म्हणजे व्यसनी, वेश्या, दारुडे, कैदी, ज्यांच्याकडे कुणी बघतही नाही अशी माणसं. तसं असेल तर ऊती जुळण्याचा फायदा शून्य. मग क्लोनिंग हवं कशाला?

माझ्या मते त्याचं उत्तर वैद्यकात शोधून सापडणार नाही. क्लोनला आई नाही, बाप नाही, भाऊबंद नाहीत, आडनावसुद्धा नाही. एच., डी. अशी नुसती अक्षरं आहेत. त्याच्या वतीने दवाखान्याच्या दारात उभं राहून ‘आमच्या माणसाला हात लावायचा नाही’ असं ओरडणारं जगात कुणी नाही. या व्यवस्थेला नेमकी अशीच माणसं लागतात. त्यामुळे अर्ज करायची वेळ आली तेव्हा अर्जदारांच्या बाजूने अर्जदारच होते.

अफवा कशी पिकली

अर्जाला आधार काय होता? कुठला नियम नव्हता, परिपत्रक नव्हतं, झालेलं एकही उदाहरण नव्हतं. होती ती एक अफवा: कॅथी-टॉमीच्या निवासी शाळेत, म्हणजे हेलशॅममध्ये, वाढलेल्या दोघांचं एकमेकांवर खरंखुरं प्रेम असेल आणि त्यांना ते सिद्ध करता आलं, तर त्यांची दानं तीन वर्षं पुढे ढकलतात.

गंमत म्हणजे ही अफवा हेलशॅममध्ये जन्मलेलीच नाही. क्रिसी आणि रॉडनी हे जोडपं दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेत वाढलेलं. शाळा संपल्यावर कॅथी, टॉमी आणि रूथ ज्या ‘कॉटेजेस’मध्ये राहायला जातात तिथे ही दोघं भेटतात. नॉरफोकमधल्या क्रोमर गावी सगळे मिळून जातात तेव्हा क्रिसी आडून आडून विषय काढते: तुम्ही हेलशॅमचे, तुम्हाला माहीत असणारच, अर्ज करायचा तर कुणाला भेटायचं? रूथला यातलं काडीचं ठाऊक नसतं, तरी ती सगळं ठाऊक असल्याचा आव आणते. टॉमी भोळेपणाने आपलं अज्ञान कबूल करतो आणि रूथचा राग ओढवून घेतो. ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांनी समजून घेतलं की ज्यांना थोडं मिळालं त्यांना सगळंच मिळत असणार. आणि ज्यांना थोडं मिळालं होतं त्यांना तो समज खोडून काढावासा वाटला नाही, कारण तेवढ्यापुरता मान मिळत होता. पुढे क्रिसी दुसऱ्याच दानात गेली.

पण अफवा नुसती ऐकून कुणी तिच्यावर आयुष्य बेतत नाही. टॉमीने बेतलं, कारण हेलशॅमने त्याला तशी सवय लावली होती. तिथे मुलांनी चित्रं काढायची, कविता करायच्या, मातीची भांडी बनवायची. वर्षातून चारदा ‘एक्स्चेंज’ भरायचा. आपल्या वस्तूंच्या बदल्यात टोकनं मिळायची आणि त्या टोकनांवर दुसऱ्यांच्या वस्तू घ्यायच्या. सगळ्यात चांगलं काम ‘मादाम’ नावाच्या बाई येऊन घेऊन जात. त्यांची म्हणे कुठे तरी गॅलरी होती. चांगलं काम केलं की कुणी तरी ते बघतं, त्याची किंमत ठरवतं आणि त्या किमतीचं आपल्याला काही मिळतं, हा धडा या मुलांच्या अंगात इतका मुरला की जगही असंच चालत असणार, याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही.

टॉमीची चित्रं लहानपणी हसण्यावारी गेली होती. एका हत्तीच्या चित्रावरून तर त्याला पुरता छळला होता आणि तो संतापाने हातपाय आपटत किंचाळायचा. मिस लूसी नावाच्या शिक्षिकेने त्याला आधी सांगितलं की चित्रं नाही जमली तर नाही जमली, काही बिघडत नाही. नंतर त्याच लूसीबाईंनी आपले शब्द मागे घेतले: बिघडतं, तुमची कला हा पुरावा आहे. कशाचा पुरावा, ते सांगितलं नाही, आणि काही दिवसांतच त्या शाळा सोडून गेल्या. शिवाय कलेतून माणसाचं अंतरंग, त्याचा आत्मा दिसतो, असं एकदा मुख्याध्यापिका मिस एमिली बोलून गेल्या होत्या. या तुकड्यांवरून टॉमीने आपला सिद्धांत मांडला. एखादं जोडपं मादामकडे आलं की त्या गॅलरीतली दोघांची जुनी चित्रं काढून ताडून बघत असणार, आत्मे जुळतात की नाही ते. त्याची स्वतःची चित्रं गॅलरीत गेलीच नव्हती. म्हणून तो वहीत छोटे छोटे काल्पनिक प्राणी काढायला लागला. यंत्रासारखे सांधे, खवले, बारीक तारांसारखे अवयव असलेले प्राणी. चाचणीचा निकष समजून घेऊन उशिरा का होईना अभ्यासाला बसलेला विद्यार्थीच म्हणा ना.

रूथचा हिस्सा

अर्ज वेळेत का झाला नाही? कारण रूथ.

लहानपणापासून कॅथीची जिवलग मैत्रीण असलेली रूथ टॉमीची प्रेयसी होते आणि कॅथी-टॉमीमध्ये जे आपसूक जुळलं असतं ते जुळू देत नाही. तिची पद्धत बघण्यासारखी आहे. कॉटेजेसजवळच्या चर्चच्या आवारात ती टॉमीला सहज म्हणते की तुझे ते प्राणी बघून कॅथीला आणि मला हसू आवरत नाही. कॅथी तिथेच उभी असते. रूथच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि बरंचसं खोटं आहे, पण कॅथी ते खोडून काढत नाही. पुढे रूथ एकांतात कॅथीला सुचवते की टॉमी तुझ्याकडे कधी त्या नजरेने बघणार नाही. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. दोन वाक्यांत दोन दारं बंद.

कादंबरी वाचणारे बहुतेक जण रूथवर चिडतात. मीही चिडले होते. पण नीट बघितलं तर रूथचा अपराध नेहमीच्या मत्सराएवढाच आहे. असे त्रिकोण कुठल्याही वसतिगृहात सापडतील. एकीने दुसरीचा मित्र अडवून धरावा, वर्षभर अबोला व्हावा, पंचविशीत सगळ्यांना त्याचं हसू यावं. या तिघांना पंचविशीनंतरचं हसणं मिळणार नव्हतं. ज्या चुकीला एरवी अबोल्याची शिक्षा झाली असती तिची किंमत इथे अख्ख्या सहजीवनाएवढी झाली, कारण आयुष्याची लांबी बाहेरच्या कुणी तरी कापून दिली होती. व्यक्तिगत भांडण कुठे संपतं आणि समाजाचा अन्याय कुठे सुरू होतो, याची रेघ मला तरी इथे काढता येत नाही.

रूथला हे कळतं, पण उशिरा. ती डोव्हरच्या केंद्रात आहे, तब्येत खालावलेली. कॅथी तिची केअरर होते. दोघी मिळून टॉमीला त्याच्या किंग्सफील्ड केंद्रातून घेतात आणि दलदलीत रुतून बसलेली एक बोट बघायला जातात. परतीच्या वाटेवर रूथ सांगून टाकते: मी तुम्हा दोघांना एकमेकांपासून लांब ठेवलं, माझ्या हातून झालेलं सगळ्यात वाईट ते हेच. आणि ती एक पत्ता पुढे करते. मादामचा पत्ता, बऱ्याच खटपटीने मिळवलेला. तुम्ही अर्ज करा.

हा क्षमायाचनेचा प्रसंग फार चतुर आहे. रूथकडे भरपाई म्हणून द्यायला स्वतःचं काहीच नाही. वर्षं तर नाहीतच. म्हणून ती एक अफवा देते, पत्त्यासकट. त्या आधी त्याच दिवशी तिने जे सांगितलेलं असतं ते मला जास्त हादरवतं: पाच वर्षं केअरर म्हणून पुरेशी झाली, दान सुरू झालं तेव्हा मी तयार होते, शेवटी आपण त्यासाठीच तर आहोत. मैत्रिणीचा अपराध तिला छळतो. ज्यांनी तिला अवयवांसाठी जन्माला घातलं त्यांच्याबद्दल तिच्या मनात रागाचा लवलेश नाही. दुसऱ्या दानानंतर रूथ जाते.

लिटलहॅम्प्टन

टॉमीचं तिसरं दान झालं तेव्हा कॅथी त्याची केअरर झालेली असते. आता उशीर करण्यात अर्थ नसतो. तिने आधीच जाऊन पत्ता खरा आहे ना याची खात्री केलेली असते. मग एके दिवशी, टॉमीच्या तपासण्या उरकल्यावर, दोघं लिटलहॅम्प्टन या समुद्रकाठच्या गावी जातात. मादाम रस्त्यात दिसतात, दोघं मागोमाग चालत फाटकापर्यंत पोहोचतात आणि कॅथी हाक मारते. मादाम वळून बघतात आणि ताठ होतात. अंगावर कोळी चढेल की काय अशा भीतीने त्या या मुलांकडे पूर्वीही बघायच्या, हे कॅथीला लहानपणापासून ठाऊक आहे. ती घाईघाईने सांगते की आम्ही हेलशॅमचे, त्रास द्यायला आलेलो नाही.

पुढची सुनावणी बारकाईने बघावी अशी आहे. खोली अर्धवट अंधारी. टॉमी प्राण्यांच्या वह्या पिशवीतून घेऊन आलेला, पुरावा म्हणून. बाजू मांडायची जबाबदारी दोघांनी आधी ठरवून घेतल्यासारखी कॅथीकडे. ती शांतपणे, मुद्देसूद बोलते. प्रेम आहे याची तुम्हाला खात्री आहे, ती कशावरून, असा काहीसा उलट प्रश्न मादाम विचारतात. त्यांच्या आवाजात उपहास आहे की दुःख, ते कॅथीला नीट कळत नाही. टॉमी गॅलरीचा सिद्धांत सांगू लागतो. मादामच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि बोलता बोलता त्या अंधाऱ्या अर्ध्या भागाकडे बघून विचारतात की मी जास्त तर बोलत नाही ना. म्हणजे तिथे आणखी कुणी तरी बसून सगळं ऐकत होतं.

चाकाच्या खुर्चीतून पुढे येतात त्या मिस एमिली, हेलशॅमच्या मुख्याध्यापिका. थकलेल्या, पण बोलणं तसंच खणखणीत. आणि त्यांना घाई आहे. पलंगाशेजारचं त्यांचं एक कपाट विकायचं ठरलंय, ते न्यायला माणसं यायची आहेत. नेताना त्याला ओरखडा पडू नये याची त्यांना काळजी. दोन माणसांच्या आयुष्याचा फैसला आणि एका कपाटाची उचल, दोन्ही एकाच संध्याकाळी. मिस एमिली दुष्ट असत्या तर हा प्रसंग एवढा बोचला नसता. त्या दुष्ट नाहीत. त्या खऱ्या अर्थाने वेळ काढून, समजावून सांगतात. कपाटाकडेही तितकंच लक्ष असतं, एवढंच.

उत्तर

मुदतवाढ अशी गोष्ट नाही. कधीच नव्हती. हेलशॅम चालू होतं तेव्हाही नव्हती. ही अफवा आपण एकीकडे दाबली की दुसरीकडे उगवते, म्हणून पुढे मी दाबायचं सोडून दिलं, असं त्या सांगतात.

चित्रं न्यायचं कारण वेगळंच होतं. क्लोनना आत्मा असतो हे बाहेरच्या लोकांना पटवायचं होतं. मादाम आणि मिस एमिली यांची एक चळवळ होती. त्या प्रदर्शनं भरवत, मंत्री आणि बिशप यायचे, देणग्या मिळायच्या. या मुलांना माणसासारखं वाढवलं तर ती कुणाही माणसाइतकीच संवेदनशील आणि हुशार होतात, हे त्यांना दाखवायचं होतं. इतर ठिकाणी क्लोनना ज्या हालात ठेवत त्याच्या तुलनेत हेलशॅम म्हणजे स्वर्ग, आणि तो स्वर्ग चालवायला पुरावे लागत. टॉमीला वाटलं होतं की आपली कला आपल्या बाजूने वापरली जाईल. ती वापरली गेलीच होती, त्याच्या नकळत, दुसऱ्याच खटल्यात.

तो खटला मिस एमिली हरल्या. कशामुळे हरल्या, याचं त्यांनी केलेलं विवेचन हा या कादंबरीतला समाजशास्त्राचा भाग आहे, आणि इशिगुरोंनी तो जेमतेम काही पानांत उरकला आहे. आधी शोध लागले, मग उपचार आले. अवयव कुठून येतात हा प्रश्न लोकांनी विचारलाच नाही. शून्यातून उगवतात असं मानून चालले. ज्या दिवशी कुणाला क्लोनचा विचार करायची सवड मिळाली त्या दिवशी उशीर झाला होता. कर्करोग बरा होतो हे एकदा अनुभवलेल्या समाजाला पुन्हा तो असाध्य करून घ्या असं कोण सांगणार? कुणाचं मूल आजारी, कुणाचा नवरा, कुणाची आई. लोक वाईट होते असं नाही. त्यांना आपापलं माणूस हवं होतं. मग मनाची टोचणी घालवायला त्यांनी सोपा मार्ग काढला: हे क्लोन आपल्यासारखे नाहीतच.

यातच मॉर्निंगडेल प्रकरण घडतं. जेम्स मॉर्निंगडेल नावाचा शास्त्रज्ञ स्कॉटलंडच्या एका दुर्गम भागात कायद्याची हद्द ओलांडून काम करत असतो: सामान्यांपेक्षा हुशार, धडधाकट मुलं हवी असणाऱ्यांना ती पुरवायची. ते उघडकीला येतं आणि समाज हबकतो. अवयवांसाठी मुलं वाढवणं इतकी वर्षं खपलं, पण आपल्या मुलांच्या वरचढ मुलं येणार म्हटल्यावर भीती वाटली. क्लोन या विषयाचंच नाव नको झालं, देणग्या आटल्या, हेलशॅम बंद पडलं.

आपल्या जगाचा कायदा इथे शेजारी ठेवून बघावा. ब्रिटनने २००१ मध्ये मानवी प्रजननासाठीच्या क्लोनिंगवर खास कायद्याने बंदी घातली, दहा वर्षांपर्यंत कैदेच्या तरतुदीसह. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २००५ मध्ये, म्हणजे ही कादंबरी आली त्याच वर्षी, मानवी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा संमत केला: ८४ बाजूने, ३४ विरोधात, ३७ तटस्थ, आणि तोही बंधनकारक नाही. ब्रिटनच्या कायद्याने गुन्हा ठरवला तो क्लोन केलेला भ्रूण स्त्रीच्या शरीरात ठेवण्याचा. म्हणजे सगळा भर क्लोन जन्माला येऊ नये यावर. आलाच, तर त्याला कुणाचं मानायचं, तो कुणाकडे दाद मागणार, हा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हता. कादंबरी सुरू होते ती तिथून.

शिक्षकांमध्येही एक भांडण होतं आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका पावसाळी दिवशी खेळाच्या पॅव्हिलियनमध्ये मुलं आपण पुढे कोण होणार याच्या गप्पा मारत असतात. कुणी नट होणार म्हणतं. मिस लूसींना ते सहन होत नाही. त्या स्पष्ट सांगून टाकतात: तुमच्यापैकी कुणीही काहीही होणार नाही, तुमचं आयुष्य ठरलेलं आहे. तुम्हाला सांगितलंय आणि सांगितलेलं नाहीही, अशी तुमची गत आहे. मिस एमिलींच्या दृष्टीने हा गुन्हा होता. सगळं उघड केलं असतं तर ही मुलं चित्रं काढत बसली असती का, त्यांना बालपण मिळालं असतं का? त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. कॅथीच्या आठवणींमधला उबदारपणा त्याच लपवाछपवीतून आलेला आहे. पण त्याच लपवाछपवीत अफवाही पिकली. मुलांना पुरतं सत्य सांगितलं असतं तर टॉमी वह्या भरत बसला नसता. मी लूसीबाईंच्या बाजूने आहे. तरी त्यांच्या पद्धतीने वाढलेली कॅथी ही गोष्ट इतक्या प्रेमाने सांगू शकली असती का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आणि मिस एमिली प्रामाणिक आहेत. अभ्यासिकेच्या खिडकीतून तुम्हा मुलांकडे बघताना मलाही किळस वाटायची, हे त्या स्वतःहून सांगतात. ती किळस दाबून त्यांनी आयुष्यभर काम केलं. तुम्ही प्यादी असाल, पण नशीबवान प्यादी, अशा अर्थाचं समाधान त्या देतात. मग कपाट न्यायला माणसं येतात आणि सुनावणी संपते.

पळून का जात नाहीत

हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारतो. कॅथीकडे गाडी आहे, रस्ते मोकळे आहेत, पाळत ठेवणारं कुणी दिसत नाही. काहींना हा कादंबरीतला दोष वाटतो. मला वाटत नाही. पळून जायला कुठे तरी पोहोचावं लागतं. ज्यांना बघून मादामसारखी सहानुभूती असणारी बाईही शहारते, त्यांना आसरा कोण देणार? आणि त्याहून महत्त्वाचं, ही मुलं बंडखोरी शिकलीच नाहीत, ती अर्ज करायला शिकली. आपल्या बाजूने पुरावा जमवायचा, योग्य माणसाला गाठायचं, नम्रपणे बोलायचं. हेलशॅमचं संस्कारी शिक्षण अर्जदार घडवणारं होतं. अर्ज घेणारं कार्यालय मात्र कुणी उघडलंच नव्हतं. मिस एमिलींनी मागणी नाकारली असंही म्हणता येत नाही, कारण नाकारायचा अधिकार त्यांनाही नव्हता. अधिकार कुणाकडे होता, हे कादंबरीभर कुठेच दिसत नाही. पत्रं येतात, तारखा कळवल्या जातात, पाठवणारं कुणी दिसत नाही.

परतीच्या वाटेवर टॉमी गाडी थांबवायला सांगतो, अंधारात शेतात उतरतो आणि लहानपणी किंचाळायचा तसा किंचाळतो. चिखलात, वाऱ्यात, हातपाय झाडत. कॅथी त्याला घट्ट धरून ठेवते. नंतर ती म्हणते की शाळेत तू असा चिडायचास, कारण आत कुठे तरी तुला सगळं आधीच कळलेलं असेल. टॉमी आधी ते उडवून लावतो, मग म्हणतो, असेलही. बंडाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट या कादंबरीत एवढीच आहे, आणि तीही कुणाच्या विरोधात नाही.

न मागितलेली मुदतवाढ

अर्ज निकालात निघाल्यावर दोघांमध्ये दुरावा येतो, तो चोरपावलांनी येतो. टॉमी केंद्रातल्या इतर दात्यांमध्ये जास्त रमू लागतो. कॅथी दाता नाही, त्यामुळे काही गोष्टी तिला कळणार नाहीत, असं त्याला वाटतं. रूथ असती तर तिला कळलं असतं, असंही तो बोलून दाखवतो. चौथ्या दानाची सूचना आल्यावर तो केअरर बदलून मागतो. शेवटी शेवटी माझी जी दशा होईल ती तू बघू नयेस, हे त्याचं कारण. त्याची ही मागणी मंजूर होते. पहिल्या मागणीच्या मानाने ती व्यवस्थेला फुकटात पडते.

आता कॅथीचा हिशेब बघा. ती अकरा वर्षांहून जास्त काळ केअरर आहे आणि वर्षअखेरीस थांबेल तेव्हा जवळजवळ बारा पूर्ण होतील. रूथला पाच मिळाली होती. म्हणजे ज्या तीन वर्षांसाठी कॅथी आणि टॉमी लिटलहॅम्प्टनला गेले, त्याच्या दुपटीहून जास्त वर्षं कॅथीला रूथपेक्षा अधिक मिळाली, कुणाकडे न मागता. तिचे रुग्ण लवकर सावरतात, चौथ्या दानाआधीही फारसे बिथरत नाहीत, याचा तिला अभिमान आहे, आणि तो ती पहिल्याच पानावर सांगते. व्यवस्थेला शांत दाते हवे असतात आणि कॅथी त्यांना शांत ठेवते. मुदतवाढ मिळतच असेल तर ती याच कामाला मिळत असणार, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो.

पण तोही निकष कॅथी स्वतःच मोडीत काढते. चांगलं काम करणाऱ्या काही केअररना दोनतीन वर्षांत थांबवलेलं तिने बघितलं आहे, आणि अगदीच निरुपयोगी असा एक जण चौदा वर्षं टिकलेलाही तिला माहीत आहे.